निळ्या धाग्याचा दोर

हेक्सम
२२ फेब्रुवारी १९७६

प्रिय ग्लेनिस,

तुझं नाताळचं कार्ड वेळेवर मिळालं होतं. उत्तराला एवढा उशीर झाला, राग मानू नकोस. एम्लिनला जाऊन परवा चार महिने झाले. धाकट्या भावाच्या बायकोला पत्र लिहायला बसलो की दोन ओळींपुढे हात चालत नाही.

मुद्द्याचंच लिहितो. एम्लिनचं झाडकामाचं सामान अजून तुमच्या गोठ्यात असेल. मशीनची मोठी करवत, हातकरवती, चढायचा कमरपट्टा, कप्प्या. आमच्या वखारीचा ट्रक मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात लाकूड घेऊन तुमच्या बाजूला येतो आहे. ड्रायव्हर भला माणूस आहे. त्याच्याकडे सगळं देऊन टाक. इथे ते चांगल्या हातात जाईल.

दोर मात्र पाठवू नकोस. दोर जाळ, सगळेच जाळ. ज्या दोराने माणूस गेला तो घरात ठेवू नये. गेल्या वसंतात मी आलो होतो तेव्हा एम्लिनला निळ्या धाग्याचा नवा दोर दिला होता, तोही जाळ.

तू अजून चाळिशीची नाहीस. शाळेच्या स्वयंपाकघरात किंवा पोस्टात काहीतरी मिळेल. कुणाला शब्द टाकायचा असला तर कळव, मी टाकतो.

तुझा दीर,
सेल्विन


नँटग्विन
१ मार्च १९७६

प्रिय सेल्विनभाऊजी,

तुमच्या ड्रायव्हरला मी चहा देईन आणि मनुकांच्या पावाला लोणी लावून देईन. सामान देणार नाही.

तुम्ही घरातले वडीलधारे, म्हणून आधी नीट सांगून बघते. सहा वर्षं मी एम्लिनच्या झाडाखाली उभी राहिले. वरून फांदी सोडताना दोर धरायला मी, तोडलेलं ओढून न्यायला मी, दुपारी करवतीच्या दातांवर कानस फिरवायला मी. चढायचा तेवढा तो. पाटीवर नाव त्याचं होतं ते ठीकच होतं. पण त्या सहा वर्षांत मला काहीच आलं नाही असं तुम्हाला वाटत असेल तर एकदा येऊन माझे तळहात बघा.

जानेवारीत ते मोठं वादळ झालं तेव्हा अर्ध्या गावाची झाडं आडवी झाली. माणसं दारात येऊन विचारायची, एम्लिनच्या जागी कोण येतं? मी म्हणायची, मी येते. बरेच जण टोपी सारखी करून निघून जायचे. तिघं राहिले. त्या तिघांचं काम मी केलं. दोन पडलेली झाडं आणि एक उभं. उभ्यावर मी चढले.

कमरपट्टा मला दोन वेळा गुंडाळता येईल एवढा मोठा होता. खोगिरं शिवणाऱ्या म्हाताऱ्याकडे नेला. तो म्हणाला, "कोणासाठी कमी करायचाय?" मी म्हटलं, "माझ्यासाठी." त्याने माझ्या कमरेकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे, आणि म्हणाला, "मग शिवण दुहेरी घालतो." बूटही एम्लिनचेच घालते, आत लोकरीचे दोन मोजे चढवून.

दोर जाळणार नाही. चांगला दोर कोणी जाळतं का?

शाळेच्या स्वयंपाकघराबद्दल आभार. मला सगळ्या गावासाठी बटाटे सोलायचे नाहीत.

तुमची,
ग्लेनिस


हेक्सम
९ मार्च १९७६

ग्लेनिस,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा भीती वाटली.

उभ्या झाडावर चढणं म्हणजे खाली उभं राहून दोर धरणं नव्हे. मी चौदा वर्षं चढलो. एम्लिनला मीच चढायला शिकवलं. बाहत्तर साली मी ते सोडलं आणि वखारीत हिशेबाच्या टेबलावर बसलो, त्याला कारणं होती. वाऱ्यात झाड कसं हलतं हे अंगाला कळायला वर्षं जातात, आणि तुझ्याकडे ती नाहीत. खाली उभं राहायला तरी कोण आहे तुझ्याकडे?

सामान ठेव हवं तर. करवत ठेव, कप्प्या ठेव, जमिनीवरची कामं कर. पण दोर जाळ. निदान मी दिलेला तरी जाळ, आणि जाळलास एवढं मला लिहून कळव.

आयुष्यात तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही, हे एवढं मागतो आहे.

सेल्विन


नँटग्विन
३० मे १९७६

प्रिय सेल्विनभाऊजी,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला पावणेतीन महिने लागले. काम होतं.

खाली कोण उभं राहतं, हे तुम्ही विचारलंत. ग्वेंडाकाकू बीवन. पोस्टातून निवृत्त झालेल्या, एकसष्ट वर्षांच्या, तुम्ही त्यांना ओळखता. चाळीस वर्षं त्यांनी गावाची पत्रं वाटली, त्यामुळे गावातलं कोणीही झाडाखाली फिरकलं की त्याच्या नावानिशी आणि त्याच्या बापाच्या नावानिशी ओरडतात. पहिल्या दिवशी त्यांना सांगितलं, मी "सोडा" म्हटलं की दोर हळूहळू सोडायचा. त्या म्हणाल्या, "बाई, मी युद्धातल्या तारा घरोघर पोहोचवल्यात. हळू सोडायचं म्हणजे काय ते मला माहितीये." पाठीने तेवढ्या हैराण आहेत. मोठे ओंडके त्यांना ओढवत नाहीत.

आमचा दिवस असा जातो. सहाला उठून वारा बघायचा. पानं नुसती सळसळत असली तर निघायचं, फांद्या हलत असल्या तर घरी बसून करवतींना धार लावायची. जीपमध्ये सामान भरायचं. झाडाला चारी बाजूंनी फेरी मारायची, बुंध्यावर ठोकून बघायचं, पोकळ आवाज कुठे येतो ते ऐकायचं. मग वर. वर मी जास्ती करून हातकरवतच वापरते. मशीनची करवत माझ्या हातांना जड होते, ती फक्त जाड फांदीला, आणि तीही दोरीने वर ओढून घेते. दुपारी चीज-कांद्याचा पाव आणि थर्मासमधला चहा. संध्याकाळी अंघोळीला बसले की भुसा कुठून कुठून निघतो ते दिराला लिहिण्यासारखं नाही.

आता मॉर्टिमरचं सांगते. ग्रामपंचायतीचा अध्यक्ष तोच आहे अजून. त्याच्या गोठ्यावर अ‍ॅशच्या झाडाची एक भली मोठी फांदी वादळात मोडून लोंबत होती. शहरातल्या माणसांनी दोन तारखा दिल्या आणि दोन्ही चुकवल्या. एप्रिलमध्ये मी त्याच्या अंगणात जाऊन उभी राहिले.

तो म्हणाला, "एम्लिनकडचा कोणी माणूस आहे का कामाला?"

"मी आहे."

"माणूस म्हटलं मी, ग्लेनिस."

"ती फांदी पडली की खाली तुमच्या अठरा गाई आहेत. चढणारं कोण आहे, बाई की माणूस, ते काय त्या विचारणार आहेत?"

त्याची बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकत होती. ती हसली, म्हणून त्याला हो म्हणावं लागलं. फांदीचे सहा तुकडे करून एकेक दोराने खाली सोडला. गोठ्याचं एक कौलसुद्धा हललं नाही. तो सगळा वेळ गाईंजवळ उभा राहून माझ्याकडे न बघण्याचं काम करत होता.

आता मुख्य गोष्ट. शाळेच्या रस्त्यावरचे एल्म गेल्या उन्हाळ्यात वाळले, ते तुम्हाला ठाऊकच आहे. एकतीस झाडं आहेत. साल सोललीत तर आत किड्यांनी कोरलेल्या नागमोडी वाटा दिसतात. ते उभे राहिले तर कधी ना कधी कोणत्या तरी पोराच्या डोक्यावर येणार. ते काम पंचायत बाहेरच्यांना द्यायच्या विचारात आहे, कारण बाईचा भरवसा काय. मी अर्ज टाकलाय. त्याआधी शाळेने त्यांच्या आवारातल्या बीचच्या झाडाचा सुकलेला शेंडा उतरवायचं काम मला दिलंय, येत्या गुरुवारी. पंचायतीतले सगळे बघायला येणार. येऊ देत.

दोराचं म्हणाल, तर तो जाळला नाही आणि जाळणारही नाही. तुमच्या निळ्या धाग्याच्या दोरावरच मी चढते. घरात तोच सगळ्यांत नवा आहे. अकरा झाडं झाली त्याच्यावर. तुम्हाला तो परत हवा होता तर सरळ मागायचा होतात, जाळ जाळ काय करायचं.

ग्लेनिस


तार
हेक्सम, ३ जून १९७६

निळा दोर वापरू नकोस. पत्र पाठवतो आहे. सेल्विन


हेक्सम
३ जून १९७६

ग्लेनिस,

काल कामावरून आलो तेव्हा तुझं पत्र मिळालं. पोस्ट बंद झालं होतं. तुझ्याकडे फोन नाही. आज सकाळी पोस्ट उघडायच्या आधी दारात जाऊन उभा राहिलो आणि तार केली. ती तुला वेळेत मिळाली की नाही, ते मला माहीत नाही. आज गुरुवार आहे. हे लिहितो आहे तेव्हा तू कदाचित त्या बीचवर असशील.

जे फेब्रुवारीतच लिहायला हवं होतं ते आता लिहितो.

दोन दोर मी एकदमच घेतले होते. सारखेच, निळ्या धाग्याचे. चौऱ्याहत्तरचा सगळा हिवाळा ते माझ्या व्हॅनमध्ये मागे एका खोक्यात पडून होते. त्यातला एक वसंतात एम्लिनला दिला, दुसरा माझ्याकडेच राहिला. या जानेवारीत वादळानंतर वखारीत ओंडके बांधायला तो काढला. ताण दिला आणि तो कुजलेल्या सुतासारखा तुटला. बाहेरून बघावं तर नवाकोरा. मग खोकं तपासलं. व्हॅनची जुनी बॅटरी त्याच्या शेजारी ठेवलेली होती आणि ती गळत होती. बॅटरीतलं तेजाब नायलॉनला आतून खातं आणि वर डाग पडतोच असं नाही. हे मला माहीत होतं, ग्लेनिस. चौदा वर्षं मी हे काम केलं, मला माहीत असायलाच हवं होतं. मी बघितलं नाही.

ऑक्टोबरात तू मला लिहिलं होतंस की दोराने दगा दिला. तेवढंच लिहिलं होतंस. कोणता दोर, ते मी कधी विचारलं नाही, कारण मला उत्तर नको होतं. जानेवारीपासून मला एकच माहीत आहे. माझ्या भावाला मी हातात मरण दिलं आणि वर म्हटलं, जपून वापर, महागाचा आहे.

तुला सांगायचं धाडस नव्हतं. सामान परत मागितलं, जाळ म्हटलं, चढणं तुला जमणार नाही असलंही काहीबाही लिहिलं. तू चढू नयेस असं मला वाटतच होतं, पण खरं कारण ते नव्हतं.

तू सुखरूप आहेस एवढं कळव. बाकी काही लिहू नकोस.

सेल्विन


नँटग्विन
६ जून १९७६, रविवार

सेल्विनभाऊजी,

मी सुखरूप आहे.

तार गुरुवारी साडेदहाला शाळेच्या आवारात आली. मी कमरपट्टा घालून तयार होते. मॉर्टिमर आणि पंचायतीचे चौघं खुर्च्या टाकून बसले होते, शाळेची पोरं खिडक्यांत. ग्वेंडाकाकूंनी तार वाचली आणि म्हणाल्या, "ग्लेनिस, थांब जरा. हा दीर तुझा कारणाशिवाय पैसे खर्च करणारा नाही." मी तार घेतली आणि खिशात कोंबली. मला वाटलं, इतक्या लांबून हात लांब करून हा माणूस मला पाच पुरुषांसमोर झाडावरून खाली ओढतोय. रागाने माझे कान तापले. आणि मी चढले. तुमच्याच दोरावर.

सत्तर फूट वर गेले. शेंडा कापला, तुकडे उतरवले, अडीच तासांनी खाली आले. शाळेच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. मॉर्टिमर म्हणाला, "स्वच्छ काम आहे." त्याच्या तोंडून हे निघायला एखाद्याला मरावं लागतं, तरी निघत नाही.

काल तुमचं पत्र आलं. मी ओट्याशी उभी राहून वाचलं आणि मग खाली फरशीवर बसले. नंतर ग्वेंडाकाकूंना बोलावलं. दोराचं एक टोक कुंपणाच्या खुंटाला बांधलं, दुसरं जीपला, आणि जीप हळूच पुढे घेतली. जीप तीन यार्ड जाताच दोर तुटला. ओढही फारशी लागली नाही. तुटल्या जागी आत धागे नव्हतेच, पीठ होतं.

बारा झाडं, भाऊजी. त्या पिठावर मी बारा झाडं चढले, आणि बारावं तर तुमची तार खिशात घालून. माझा राग बरोबर होता असं मी अजून म्हणते, पण रागाने चढायचं नसतं हे मला आता कळलं. हे तुमच्याजवळ कबूल करते. दुसऱ्या कोणाजवळ करणार नाही.

आता माझी पाळी.

एम्लिन तुमच्या दोरावर नव्हता. त्याने तो कधी वापरलाच नाही. "सेल्विनने दिलाय, चांगल्या कामाला ठेवू," म्हणून गोणीत घालून वर टांगून ठेवला होता. तो पडला तेव्हा त्याचा जुना तागाचा दोर होता, आणि तो दोर आजही ठणठणीत आहे. कालच जीपला बांधून बघितला, जीपच घसरली.

दोराने दगा दिला नाही. मी खोटं लिहिलं. तुम्हाला, मृत्यूच्या चौकशीत, सगळ्यांना. चौकशीत मी सांगितलं की मी तोडलेल्या फांद्यांच्या शेकोटीकडे बघत होते, वर काय झालं ते दिसलं नाही. मी वरच बघत होते. तो दुबेळक्यापाशी, खोडाला दोन फाटे फुटतात तिथे, पोहोचला होता, पलीकडच्या फाट्यावर जायचं होतं. त्यासाठी दोर पुन्हा वरून टाकून घ्यावा लागतो, पाच मिनिटं जातात. त्याने दोराला अडकवलेली कमरेची कडी काढली. "एकच मिनिट," असं म्हणाला मला. नेहमी काढायचा. शंभरदा मी बघितलंय आणि शंभरदा गप्प बसले, कारण बोललं की तो हसायचा आणि म्हणायचा, खालच्यांनी खालचं बघावं. मग पायाखालची साल निघाली. दोर माझ्या हातात होता, रिकामा.

गावातल्या प्रत्येक पोराला तो सांगायचा, चढायचं तर बांधून घेऊन चढायचं. त्याच गावाने त्याला बेपर्वा म्हणावं, हे मला सोसलं नसतं. म्हणून मी सगळं त्या बिचाऱ्या दोरावर ढकललं. त्या दोराचं दुसरं टोक तुमच्या गळ्यात जाऊन बसेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

तुम्ही पाच महिने जे वागवलंत ते माझ्यामुळे. क्षमा मागते. तुम्ही करावी असा हट्ट नाही.

काम मात्र सोडणार नाही, हेही याच पत्रात लिहिते, म्हणजे नंतर गैरसमज नको.

ग्लेनिस


हेक्सम
१७ जून १९७६

ग्लेनिस,

पत्र आलं त्या दिवशी मी कामावर गेलो नाही. नदीकाठाने चालत राहिलो. आधी वाटलं सुटलो. मग तुझा इतका राग आला की तोंडून तुझं नाव घेववेना. जानेवारीपासून मला रोज सकाळी दात घासताना तो दोर डोळ्यांसमोर दिसायचा. मार्गारेटला वाटलं नवऱ्याला पोटाचा आजार झालाय, डॉक्टरकडे नेलं. आणि तुला एक वाक्य लिहायचं होतं फक्त.

आठवडाभर हा राग पुरला. त्यानंतर एक गोष्ट आठवली, म्हणून आता लिहितो.

दुबेळक्यापाशी कडी काढायची, ही सवय एम्लिनला मी लावली. तो एकोणीस वर्षांचा होता. एका ओकवर आम्ही दोघं होतो, पाऊस येणार होता, मी कडी काढून पलीकडे गेलो आणि वरून म्हणालो, "आता काय तुझ्यासाठी शिडी आणू?" त्यानेही काढली. मी शाबासकी दिली. बाहत्तरमध्ये मी हे काम का सोडलं, ते कोणालाच सांगितलं नाही. तसंच एकदा कडी काढलेली असताना माझा पाय घसरला होता. एका हातावर लटकून वाचलो. घरी आलो आणि कमरपट्टा पुन्हा घातला नाही. एम्लिनला मात्र कधी म्हटलं नाही की असं करत जाऊ नकोस. थोरल्या भावाला लाज वाटली.

तेव्हा तुला मी काय क्षमा करणार.

एल्मचं काय झालं? ग्वेंडाबाईंना ओंडके ओढवत नाहीत असं लिहिलं होतंस. जुलैत मला पंधरा दिवस रजा आहे. मार्गारेट तिच्या बहिणीकडे जाते आहे. मी चढणार नाही, चढवणारही नाही मला. फांद्या ओढू शकतो. तुला नको असेल तर तसं कळव, मी वाईट वाटून घेणार नाही.

सेल्विन


नँटग्विन
२७ जून १९७६

प्रिय सेल्विनभाऊजी,

उकाड्याने जीव जातोय. विहिरीत बादली तळाला टेकते. अशा वेळी हिरवीगार फांदीसुद्धा वाऱ्याशिवाय आपोआप मोडून पडते, त्यामुळे आम्ही पहाटे पाचला सुरू करतो आणि अकराला थांबतो.

मंगळवारी पंचायतीची बैठक झाली. मॉर्टिमर म्हणाला, बाईंना सात झाडं देऊन बघू, बाकीची बाहेरच्यांना. मी उभी राहिले आणि म्हटलं, सात नकोत. एकतीस द्या नाहीतर एकही नको. सात पाडली आणि चोवीस उभी ठेवली तर तो किडा पुढच्या वर्षी सात कोसांवर जाईल, आणि मग तिथल्या पंचायतीला तुमचं नाव मी स्वतः जाऊन सांगेन. मग तुमचे जुने शाळामास्तर म्हणाले, "बीचवर मी पाहिलंय हिला. मला बाहेरचा माणूस नको." मतं घेतली. चार विरुद्ध एक. तो एक मॉर्टिमर नव्हता, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. मलाही वाटलं.

नवीन दोर आणले. दुकानातून आल्या आल्या जीपला बांधून ओढून बघितले. आता प्रत्येक सोमवारी ओढते, मग सोमवार वाया गेला तरी चालेल.

तुम्ही शिकवलंत, मी गप्प बसले, आणि कडी त्याने काढली. तिघांत वाटून घेऊ आणि आता पुरे करू. चौकशीच्या कचेरीत मी परवा जाऊन खरं काय ते लिहून दिलं. तिथल्या कारकुनाने विचारलं, आता हे सांगून काय मिळणार? मी म्हटलं, पुढच्या वेळी कोणी कडी काढताना दिसलं तर मला ओरडता येईल. गावातही सांगितलं. दोनचार जण एम्लिनला जे म्हणायचं ते म्हणाले. ऐकून घेतलं, आणि मग माझ्या कामाला लागले.

जुलैत या. पण कसं यायचं ते आधी वाचा. तुम्ही खाली, मी वर. खाली ग्वेंडाकाकूंचं राज्य आहे, त्या म्हणतील तिथे उभं राहायचं. मी किती वेळ लावते यावर बोलायचं नाही. मी दुबेळक्यापाशी पोहोचले की दोर पुन्हा टाकेन, पाच मिनिटं लागतील, दहा लागतील, तुम्ही पाइप पेटवा. आणि वरून मी "एकच मिनिट" असं म्हटलेलं तुम्हाला कधी ऐकू आलं, तर ज्या शिव्या एम्लिनला द्यायच्या राहिल्या त्या सगळ्या मला मोठ्याने द्यायच्या. दीर असलात तरी.

शनिवारची गाडी सकाळी दहा-पाचला येते. स्टेशनवर न्यायला येणार नाही, मी झाडावर असेन. शाळेच्या रस्त्याने सरळ चालत या. जिथे आडवी दोरी बांधलेली दिसेल तिथे थांबा आणि हाक मारा. मी "या" म्हणेपर्यंत पाऊल पुढे टाकू नका.

तुमची,
ग्लेनिस प्रॉसर
झाडकाम, नँटग्विन